रत्नागिरी की पणजी? शिरोली एमआयडीसीच्या हिवाळी सुट्टीचा आढावा

दिवाळीची सुट्टी संपून शिरोली एमआयडीसीतल्या भट्ट्या पुन्हा पेटल्या की आठ-पंधरा दिवसांत चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो. थंडीत दोन-तीन दिवस कुठं जायचं? जाहिरातींत ठिकाणांची कमी नसते. पण पुलाची शिरोली, नागाव, टोप, हालोंडी या गावांत राहणाऱ्या आणि महामार्गालगतच्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या कुटुंबात बोलणं शेवटी दोन शहरांवर येऊन थांबतं. एक रत्नागिरी, दुसरी पणजी. दोन्ही समुद्रकाठी आहेत, दोन्हीकडे हिवाळ्यात हवा उबदार असते आणि दोन्ही ठिकाणी सकाळी निघून त्याच दिवशी पोचता येतं.

मग निवड होते ती बहुतेक वेळा सवयीच्या बोलण्यावर. गोवा म्हणजे मौज, रत्नागिरी म्हणजे देवदर्शन, असं ठरवून पोरं एकीकडे जातात आणि म्हातारी माणसं दुसरीकडे. ही वाटणी दोन्ही शहरांवर अन्याय करणारी आहे. पणजीत मंदिरं आहेत, चित्रं आहेत, पक्षी आहेत. रत्नागिरीत राजवाडा आहे, किल्ला आहे, देशाच्या इतिहासातली मोठी पानं आहेत. शिवाय वर्षातून एकदाच मिळणारी सुट्टी अशा ठोकताळ्यावर खर्च करणं परवडणारं नाही. म्हणून हवा, रस्ता, खर्च, पाहण्यासारखं, समुद्राची सुरक्षितता, जेवण आणि तारखा अशा एकेका बाजूनं दोन्ही शहरं तपासून पाहू. माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्याला रजा मोजून मिळते, त्यानं आधी किती रात्री हातात आहेत ते पाहावं, मग सोबत कोण आहे ते, आणि मग तारीख. शहराची निवड या तीन उत्तरांतून आपोआप होते.

ऊब कशासाठी हवी?

भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला उबेची काय गरज, असं बाहेरच्याला वाटेल. फौंड्रीत लोखंडाचा रस ओततात तेव्हा त्याचं तापमान 1400 अंशांच्या आसपास असतं. त्या धगीत रात्रपाळी करून माणूस बाहेर पडतो आणि दुचाकीवर महामार्गाच्या वाऱ्यात येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथलं पहाटेचं तापमान सरासरी 14-15 अंशांवर येतं, थंडीची लाट आली की त्याहून खाली. उसाच्या रानांवर आणि पंचगंगेच्या काठावर धुकं धरतं. धग आणि गारठा यांच्यातली ही रोजची ये-जा अंगाला जाचते. घरातल्या वयस्कर माणसांचे गुडघे याच दिवसांत धरतात, आणि लहान मुलांना पाण्यात खेळायचं असतं ते इथं जमत नाही.

घाटाखाली चित्र बदलतं. याच महिन्यांत रत्नागिरीचं किमान तापमान साधारण 18-19 अंश आणि पणजीचं 20 अंशांच्या आसपास असतं. दुपारी दोन्हीकडे पारा 31-32 पर्यंत जातो. समुद्राचं पाणी ऐन जानेवारीतही अंगाला गार लागत नाही. म्हणजे उबेच्या हिशेबात दोन शहरांत फरक एक-दोन अंशांचा. पणजीची पहाट किंचित जास्त उबदार, रत्नागिरीत पहाटे एखादी शाल लागू शकते, इतकंच. पावसाळ्यातली घामट दमट हवाही हिवाळ्यात दोन्हीकडे बरीच उतरलेली असते. तेव्हा हवेच्या जोरावर कोणी एका शहराची शिफारस करत असेल तर तिकडं फार लक्ष देण्याचं कारण नाही. निवड हवेनं होत नाही, ती रस्त्यापासून सुरू होते.

रस्ता

शिरोलीहून रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर. शहर ओलांडून पंचगंगेवरचा शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा. मग आंबा घाट उतरून साखरपा, दाभोळे, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. हा राष्ट्रीय महामार्ग 166. साडेतीन-चार तासांत माणूस समुद्राकाठी. चौपदरीकरणाच्या कामामुळं वाटेत कुठं वळण, कुठं खडी असते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. एक धोका मात्र खास आपल्या हिवाळ्याचा आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याविना रस्त्यावर असतात. मलकापूरपर्यंतचा टप्पा रात्री गाठायची घाई करू नये. उजाडताना निघावं.

पणजी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथं जायला एक नाही, चार वाटा आहेत. महामार्गानं कागल, निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा ही सगळ्यात वहिवाटीची. दुसरी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं कणकवलीकडं उतरते आणि पुढं मुंबई-गोवा महामार्गाला लागते. तिसरी गगनबावड्यावरून करूळ घाटाची. हा घाट 2024 मध्ये दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होता, त्यामुळं निघण्याआधी चौकशी करूनच जावं. चौथी थेट बेळगाव गाठून चोर्ला घाटानं उतरणारी. कुठल्याही वाटेनं गेलात तरी पाच-सहा तास धरावेच लागतात.

पणजीच्या रस्त्यात राज्यांच्या हद्दी येतात, हे विसरून चालत नाही. निपाणी-संकेश्वरची वाट कर्नाटकातून जाते, बेळगावची तर बहुतांश. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात बेळगावला भरतं आणि सीमाप्रश्न त्याच सुमाराला तापतो. 2022 च्या डिसेंबरात दोन्ही बाजूंच्या बसगाड्यांवर हल्ले झाले आणि एसटीची कर्नाटकातली वाहतूक थांबवावी लागली. असा प्रसंग दरवर्षी येत नाही. पण त्या आठवड्यात निघायचं असेल तर फोंडा घाटाची, संपूर्ण महाराष्ट्रातून जाणारी वाट मनात असू द्यावी. क्रुझर किंवा ट्रॅक्स भाड्यानं घेऊन मंडळी जाणार असतील तर त्या गाडीला राज्याबाहेरचा परवाना आहे ना, हे पैसे देण्याआधीच विचारावं.

रेल्वेचा भरवसा दोन्हीकडं तोकडा. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण वाहती झाली आणि रत्नागिरी तिच्यावरचं मोठं स्थानक बनलं, पण कोल्हापूरहून त्या रुळाला जाऊन मिळायला थेट मार्ग नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला मंजुरी मिळूनही त्यावरून गाडी धावलेली नाही. पणजीसाठी मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडता येते. ती लोंढा, कॅसलरॉक करत दूधसागरच्या अंगानं घाट उतरते आणि मडगावहून वास्कोला जाते. मडगावला उतरून पणजीची बस घ्यावी लागते, कारण पणजी शहरात रेल्वे स्थानकच नाही. ज्यांना गाडीत बसून उलटी होते, त्यांना हा मार्ग घाटरस्त्यापेक्षा सुखाचा आहे.

खिशाचा हिशेब

एसटीनं जाणाऱ्या कुटुंबासाठी दोन शहरांतला सगळ्यात मोठा फरक तिकिटाचा आहे, आणि तो फार कमी लोक मोजतात. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना निम्मं तिकीट. मार्च 2023 पासून सगळ्या महिलांनाही निम्मं तिकीट. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच. रत्नागिरीला जाताना त्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या थांब्यापर्यंत लागू पडतात. आई-वडील, बायको, मुलगी असं घर निघालं तर रत्नागिरीच्या प्रवासखर्चात मोठी बचत होते. पणजीच्या वाटेवर हद्द ओलांडली की सवलत संपते.

स्वतःची गाडी असेल तर गणित थोडं वेगळं. पणजीचं अंतर जास्त, पण गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं, त्यामुळं परतीची टाकी तिथं भरून घेता येते. राहण्याच्या खर्चाचा विचार मात्र तारखेशिवाय करताच येत नाही. पणजीतली एकच खोली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका भावाला मिळते आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्याच्या कितीतरी पट भावाला. रत्नागिरी शहरात भाव इतके उसळत नाहीत. गणपतीपुळ्यात नाताळच्या सुट्टीत चढतात. गणपतीपुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आणि एमटीडीसीचं निवासस्थान आहे. पणजीत मिरामारला गोवा पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे. सरकारी निवासांची नोंदणी लवकर भरते, म्हणून दिवाळीच्या सुमारासच ती करून ठेवावी.

गोव्यात फिरण्याचा खर्चही धरावा लागतो. ओला-उबर तिथं चालत नाहीत. 2018 पासून गोवामाइल्स हे ॲप आहे, बाकी टॅक्सीचा दर आधी ठरवून घ्यावा लागतो. भाड्यानं दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. तीच भाड्यानं देण्याचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तरी पोलिसांनी अडवल्यावर मनस्ताप तुमच्याच वाट्याला येतो. रत्नागिरी शहरात रिक्षानं सगळं उरकतं, पण आरे-वारे, गणपतीपुळे, पावस अशी बाहेरची ठिकाणं धरली तर दिवसभराची गाडी ठरवावी हे बरं.

रत्नागिरी: लहान शहर, मोठा इतिहास

रत्नागिरीबद्दलचा आपला गैरसमज असा, की ती हापूसची पेठ आणि गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा. हापूस तर हिवाळ्यात मिळतच नाही. डिसेंबर-जानेवारीत कलमांना मोहोर असतो आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. पण शहर म्हणून रत्नागिरीत जे आहे त्यासाठी दोन दिवस सहज लागतात.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 च्या युद्धानंतर पदच्युत केलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 मध्ये पुरा झाला. सहा वर्षांनी, 1916 साली, राजा इथंच वारला. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथं येऊन गेले. राजवाड्याच्या गच्चीतून भाट्याची खाडी दिसते, आणि परमुलखात तीस वर्षं काढलेल्या राजाची गोष्ट शाळकरी मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

लोकमान्य टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी याच शहरात झाला. ते घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. अंदमानच्या शिक्षेनंतर सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत इथंच स्थानबद्ध ठेवलं होतं, आणि याच काळात, 1931 साली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. राजर्षी शाहूंच्या कोल्हापूरहून येणाऱ्या माणसानं हे मंदिर जरूर पाहावं. जातिभेद मोडण्याच्या दोन वेगळ्या वाटा, दोन शेजारच्या जिल्ह्यांत, काही वर्षांच्या अंतरानं चालल्या, हे इथं उभं राहिलं की समजतं.

तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग, त्यातलं भगवतीचं मंदिर आणि जवळचं दीपगृह यांना एक संध्याकाळ द्यावी. मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा आणि भाट्याचा लांब किनारा शहराला लागूनच आहेत. मिरकरवाडा बंदरात सकाळी मासळी उतरते. मुलांना ट्रॉलर आणि जाळी जवळून पाहता येतात. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा भला मोठा सांगाडाही. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या सागरी रस्त्यानं गणपतीपुळे, साधारण 25 किलोमीटर. तिथून जवळच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. उलट दिशेला पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी.

रत्नागिरीचं खरं बळ असं, की यातलं बहुतेक सगळं कमी अंतरावर आणि फारसं न चालता पाहता येतं. वयस्कर माणसांना ते झेपतं. भाषा आपली, जेवण ओळखीचं, आणि वेळ पडलीच तर जिल्हा रुग्णालय शहरातच. कमतरता आहे ती संध्याकाळनंतरची. रात्री आठनंतर शहर लवकर निवतं; तरुण पोरांना तिथं करमत नाही, हेही खरं आहे.

पणजी: किनाऱ्यापलीकडचं गोवा

पणजीवर तर रत्नागिरीपेक्षाही जास्त अन्याय होतो. आपल्याकडची पोरं गोव्याला म्हणून जातात ती बागा-कलंगुटला, आणि पणजी त्यांना फक्त पुलावरून दिसते. वास्तविक कुटुंबानं राहावं असं गोव्यातलं शहर पणजीच आहे. मांडवी नदीच्या काठावर वसलेलं, चालत पाहता येण्याजोगं, 1843 पासून राजधानीचा मान असलेलं.

नदीकाठचा आदिलशहाचा जुना राजवाडा विजापूरकरांची आठवण देतो. मळ्यात आणि फोंतेन्यस भागात पोर्तुगीज वळणाची रंगीत घरं, अरुंद गल्ल्या, लोखंडी सज्जे. चर्च चौकातलं पांढरंशुभ्र, नागमोडी पायऱ्यांचं मेरी इमॅक्युलेट चर्च, वर आल्तिनो टेकडी. शहरातच महालक्ष्मीचं मंदिर आहे, हे कोल्हापूरकराला मुद्दाम सांगण्यासारखं. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी मांडवीकाठी आहे, आणि तिथून पुढं गेलं की मिरामारचा किनारा व दोना पावला.

नऊ-दहा किलोमीटरवर जुनं गोवं. बॉम जेझूस बासिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. तिच्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. 1986 पासून जुन्या गोव्यातली चर्चं जागतिक वारसास्थळ आहेत. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर गेलं की सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. हिवाळा हाच तिथं पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम, आणि खारफुटीतून होडीनं फिरण्यात सकाळ निघून जाते. गोव्यातल्याच फोंड्याकडं गेलं तर मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. मंगेशी हे मास्टर दीनानाथांचं गाव. त्यांच्या मुलीनं, लता मंगेशकरांनी, उमेदीच्या काळात कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम केलं. आपल्या शहराचा आणि त्या गावाचा हा धागा मंगेशीच्या देवळात उभं असताना आठवावा.

पणजीची दुसरी श्रीमंती म्हणजे हिवाळ्यातले कार्यक्रम. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इथं भरतो. 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो; शहरातल्या जुन्या इमारतींत चित्रं, नाटकं, संगीत असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात संत झेवियरचं फेस्त, 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. 19 डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन. 1961 साली या दिवशी साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. हे सगळं जवळून पाहायला मिळणं ही मुलांसाठी मोठीच शिदोरी आहे.

पणजीत त्रास होतो तो तीन गोष्टींचा: नाताळच्या आठवड्यातली वाहतूक कोंडी, गाडी लावायला जागा न मिळणं, आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी. या बोटींवर कमावलेला बोनस एका रात्रीत गमावून येणाऱ्यांच्या गोष्टी एमआयडीसीत सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. मित्रांबरोबर जाणाऱ्या तरुणांनी ही एक गोष्ट निघण्याआधीच आपसात ठरवून टाकावी.

समुद्र आणि कायदा

घाटावरच्या माणसाला नदी-विहिरीत पोहता येतं, म्हणून समुद्रही जमेल असा विश्वास असतो. तो जिवावर बेततो. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते. तिथं पर्यटक बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडलेल्या आहेत. तिथं पाण्यात उतरायचं ते घोट्याइतकं, फार तर गुडघ्याइतकं. भाट्यालाही खाडीच्या मुखापासून लांब राहावं. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर 2008 पासून नेमलेले जीवरक्षक असतात आणि पोहायच्या हद्दीसाठी झेंडे लावलेले असतात. पोहण्याची हौस असलेल्या तरुण कुटुंबासाठी हा पणजीच्या बाजूचा ठळक मुद्दा आहे. मात्र लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचं नाही, आणि दारू पिऊन तर कुठल्याच किनाऱ्यावर नाही.

आपल्याकडच्या ग्रुपची रीत अशी, की गाडीत गॅस, पातेली आणि मटणाचा मसाला घेऊन निघायचं आणि वाटेत झाडाखाली चूल मांडायची. गोव्यात हे करू नका. 2022 मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं उघड्यावर स्वयंपाक करायला आणि मद्यपान करायला बंदी घातली असून पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. परतताना गोव्याची स्वस्त दारू गाडीत घालून आणणं हाही महाराष्ट्रात गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. पकडलं गेलं की बाटल्या जातात, गाडी जप्त होते आणि नोकरी करणाऱ्या माणसाच्या नावावर खटला लागतो. दोन-चार बाटल्यांसाठी ही जोखीम कोणीही घेऊ नये.

ताट

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला दोन्ही शहरांत मासळीशी मैत्री करावी लागते, आणि हिवाळा त्यासाठी उत्तम. पावसाळी मासेमारीबंदी संपून महिने झालेले असतात. रत्नागिरीत सुरमई, बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या ताज्या मिळतात, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी घरांची सोय रत्नागिरीत जास्त चांगली: घावणे, उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं. पणजीत दुपारची फिश थाळी, हुमण, किसमूर. सकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, ऊन पोई. नाताळात बेबिंका आणि दोदोल. पणजीतही शाकाहारी उपाहारगृहं भरपूर आहेत, मात्र घरगुती कोकणी चवीसाठी थोडं शोधावं लागतं. येताना रत्नागिरीहून आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं आणायची. पणजीहून काजू आणायचे.

कोणी कुठं, आणि केव्हा

एका रात्रीची सुट्टी असेल तर रत्नागिरी, यात शंकाच नको. पणजीला एका रात्रीसाठी जाणं म्हणजे दोन दिवसांतले दहा-बारा तास गाडीत घालवणं. दोन रात्री असतील आणि सोबत वयस्कर आई-वडील किंवा अगदी लहान मूल असेल, तरीही रत्नागिरीच. तीन किंवा जास्त रात्री असतील, मुलं शाळकरी असतील, पोहण्याची हौस असेल, तर पणजी. नुकतं लग्न झालेल्या जोडप्यानं आणि मित्रांच्या टोळीनंही पणजीत राहावं आणि किनारे तिथून पाहावेत. एसटीनं जाणाऱ्या घरासाठी रत्नागिरी, स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना दोन्ही मोकळी.

तारखांचं सांगायचं तर पणजीला डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा 5 जानेवारीनंतरचे दिवस साधावेत. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत चित्रपट महोत्सवामुळं खोल्या भरलेल्या असतात. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी पणजीचं नाव काढू नये. मुलांना नाताळचीच सुट्टी असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर तेव्हा रत्नागिरी शहरात मुक्काम ठेवावा आणि गणपतीपुळ्याला भल्या सकाळी जाऊन यावं. अंगारकी आणि माघी गणेशजयंतीला गणपतीपुळ्यात, मकरसंक्रांतीला देवरुखजवळच्या मार्लेश्वरला यात्रेची गर्दी असते. ती हवी असेल तर मुद्दाम जावं, नको असेल तर ते दिवस टाळावेत.

मालवण, वेंगुर्ले, कारवार यांचे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पण निवास, दवाखाना, बससेवा, निवांत चार तास घालवायची जागा असं शहराचं सगळं एकत्र हवं असेल, तर आपल्या टप्प्यात हीच दोन नावं पुढं राहतात.

मालकांना एक विनंती

हा सगळा आढावा ज्याच्या हातात दोन सलग दिवस आहेत त्याच्यासाठी. शिरोलीतल्या अनेकांपुढं प्रश्न रत्नागिरी की पणजी हा नसतो, रजा मिळेल की नाही हा असतो. 1948 च्या कारखाना कायद्यानं वीस दिवसांच्या कामामागं एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. कायम कामगाराला ती रजा मिळते, पण ऑर्डरच्या घाईत सलग मिळत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला तर तिचा हिशेब मागणंही अवघड जातं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार असेल ती सगळी रजा साठवून वर्षातून एकदा गावी जातात. त्यांच्या वाट्याला समुद्र येतच नाही.

यावर मार्ग आहे आणि तो कारखान्याच्याच वेळापत्रकात आहे. भट्टीचं लाइनिंग बदलायला ती बंद ठेवावीच लागते. देखभालीचे हे दिवस जानेवारीत आधीपासून ठरवून जाहीर केले, तर त्या पाळीतल्या कामगारांना उत्पादन न बुडवता दोन-तीन दिवस सलग सुट्टी देता येईल. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशननं, म्हणजे आपल्या स्मॅकनं, असं वेळापत्रक आपसात ठरवून आळीपाळीनं राबवलं, तर सगळ्या वसाहतीचा फायदा आहे. एसटीची बस ठरवून पंचवीस-तीस कुटुंबांची रत्नागिरी सहल काढणं एखाद्या मध्यम कारखान्यालाही जड नाही.

वर्षभर 1400 अंशांच्या रसासमोर उभं राहणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सहकुटुंब समुद्र दिसायला हवा. एक-दोन रात्री असतील तर रत्नागिरीला जा, तीन-चार असतील तर नाताळ टाळून पणजीला जा. आणि ज्यांच्या हातात इतरांच्या रजेचा कागद येतो, त्यांनी या हिवाळ्यात त्यावर सही करताना मन मोठं ठेवावं.